दोरीवरची चिठ्ठी

ईरा, कबीर, हे पत्र तुम्हा दोघा भावंडांना. ईरा, परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का?" आणि मी अगदी सहज म्हणाले, "आय हॅव पुट इट ऑफ, बेटा." तू "ओके" म्हणालीस, आणि विषय कबीरच्या पडलेल्या दाताकडे गेला. तुमचे बाबा मागे कुठेतरी भांडी आवरत होते. त्यांनी ऐकलं नाही.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ घरात नुसत्या फेऱ्या मारत होते. गॅस बंद आहे का ते दोनदा पाहिलं. दाराला कडी तीनदा. मग कपाटातून डोळ्याची फाइल काढली. ती छान लावलेली आहे. तपासण्या तारखेप्रमाणे, थेंबांच्या औषधांची यादी वेगळी, आणि सगळ्यात वर डॉक्टरांची चिठ्ठी. डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे, दाब औषधाने उतरत नाही, शस्त्रक्रिया लवकर करून घ्यावी. त्यांनी तोंडीही सांगितलं होतं, "आजी, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायची आहे." याला तीन महिने झाले. मी फाइल लावली आणि ठरवलं, मुलं सुट्टीत येऊन जाऊ देत, मग बघू.

तुला मी 'पुट ऑफ' हे जे दोन शब्द सांगितले, त्या दोन शब्दांवर एक बाई आमच्या शाळेत वर्षानुवर्षं उभी होती. उभी म्हणजे खरोखरच उभी. मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. त्यांच्याबद्दल तुम्हाला लिहायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं. तेही राहूनच गेलं होतं.

आम्ही दोघी नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. नरखेडकडच्या, घरी संत्र्याची बाग. वर्गातही आणि स्टाफरूममध्येही त्या तिकडचीच बोली बोलायच्या, आणि इंग्रजी बोलायला लागल्या की मात्र एकेक शब्द धुऊन वाळवून ठेवल्यासारखा यायचा. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची खुर्ची होती. तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. डबा त्या व्हरांड्यात फेऱ्या मारत खायच्या, आणि आधी गोड खायच्या. "मागून जागा नाही राहात वं," असं त्यांचं म्हणणं. साडीचा फॉल उसवला तर तिथेच, प्रार्थनेच्या रांगेत, पर्समधून सुई काढून शिवायला लागायच्या. एका शिक्षिकेच्या सुनेचं बाळ यायला दोन महिने होते तेव्हाच या झबली-टोपडी घेऊन हजर झाल्या. सासूबाई बिचाऱ्या दारात गोंधळून उभ्या. "येणारच हाये ना," बाई म्हणाल्या, आणि चहा न घेता निघाल्या.

मुली त्यांना दोरीवाल्या बाई म्हणत.

इंग्रजीत क्रियापदाला एक छोटा शब्द जोडला की अर्थ भलतीकडेच जातो, हे तुम्हाला शिकवावं लागत नाही. तुम्ही ते दुधाबरोबर शिकलात. आमच्या मुलींना मात्र अशा जोड्यांच्या लांबच लांब याद्या पाठ कराव्या लागत. मी याद्या करून द्यायचे. अकारविल्हे, समोर मराठी अर्थ, खाली एकेक वाक्य. बाईंनी मात्र एकच जोडी धरली होती, पुट ऑफ, म्हणजे पुढे ढकलणं. जुलैपासून मार्चपर्यंत तीच. बाकीचा अभ्यासक्रम त्या तिच्या आजूबाजूने पुरा करायच्या, कसा ते त्यांनाच ठाऊक. मुख्याध्यापिकांनी एकदा विचारलं, "अहो, इंग्रजीत असे हजार आहेत, तुमचं एकावरच काय चाललंय?" तर म्हणाल्या, "हजारच्या हजार पोरीयले कोनं शिकवले मॅडम? सांगा नाव, मी पाया पडतो त्याच्या."

त्यांचा नियम असा की वाक्य खरं पाहिजे. पुस्तकातलं नको, रामू आणि त्याची छत्री नको. आपल्या घरात जे झालं तेच लिहायचं. जुन्या लग्नपत्रिकांचे त्या चार-चार तुकडे करून आणायच्या. मागच्या कोऱ्या बाजूवर मुलींनी वाक्य लिहायचं, आणि वर्गात खिडकीपासून फळ्यापर्यंत बांधलेल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्याने ते लटकवायचं. जे काम पुढे ढकललंय ते होईपर्यंत चिठ्ठी उतरायची नाही. काम झालं की मुलीने उभं राहून सांगायचं आणि स्वतःच्या हाताने चिमटा काढायचा. वरचा पंखा सुरू असला की सबंध वर्गाची राहिलेली कामं डोक्यावर फडफडत असायची. मला त्या वर्गात शिरलं की कसंतरीच व्हायचं. पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडला असावा आणि घड्या करायच्या राहिल्या असाव्यात, तसं.

वाक्य खरं आहे की नाही हे बाई तपासायच्याही. मोपेडवर बसून मुलीच्या घरी. (हो, मोपेडवर तेवढ्या बसायच्या. तीही बंद न करता दारात फटफटत ठेवायच्या.) पुट ऑफ म्हणजे माणसाला टाळणं असाही अर्थ आहे. तो आला तेव्हा एका मुलीने लिहिलं की विम्याचा एजंट आला की माझे वडील न्हाणीघरात लपतात. बाई संध्याकाळी तिच्या घरी. "वडील हायेत का घरी?" आईने गोंधळून सांगितलं, "नाहीत." बाई न्हाणीघराच्या दाराशी गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मी एजंट नोहो. वाक्य तपासाले आली." आतून अंगाला टॉवेल गुंडाळलेले गृहस्थ बाहेर आले. वाक्याला दहापैकी दहा.

एखाद्या गोष्टीने आपलं लक्ष उडतं, त्यालाही पुट ऑफच. त्या आठवड्यात एका चिठ्ठीवर होतं, पेपरच्या वेळी एका मॅडमच्या चाव्यांच्या आवाजाने माझं लक्ष उडतं. कमरेला चाव्या लावणारी मॅडम शाळेत एकच होती. मी दुसऱ्या दिवसापासून जुडगा रुमालात गुंडाळला. मुलीने उभं राहून सांगितलं आणि चिमटा काढला. बाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "एका दिवसात. शाबास."

तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले तेव्हा मुख्याध्यापिका दोरी काढायला सांगायला विसरल्या. साहेब मान वर करून एकेक चिठ्ठी वाचत चालले होते. मध्येच थांबले आणि त्यांनी मोठ्याने वाचली. आमच्या मुख्याध्यापिका संडासाच्या दाराची कडी बसवणं पहिल्या टर्मपासून पुढे ढकलत आहेत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ते काम करूनच राहिलो आहोत, साहेब." बाई मागून म्हणाल्या, "आपल्या नागपुरात करून राहिलो म्हणजे अजून सुरू नाही केलं." साहेबही नागपूरचेच होते. त्यांना हसू आवरलं नाही. संध्याकाळपर्यंत कडी बसली, चिठ्ठी उतरली. मुख्याध्यापिका मात्र बाईंशी महिनाभर बोलल्या नाहीत.

मला हा सगळा प्रकार पटत नव्हता, हे आता कबूल करते. मला वाटायचं, मुलींच्या घरातलं वर्गात कशाला आणायचं? इंग्रजी शिकवावं, मार्क द्यावेत, घरी जावं.

मग तो डिसेंबर आला. बाई भावाकडे तीन दिवस रजेवर गेल्या, संत्र्यांची तोड होती. दहावीचा तो वर्ग माझ्याकडे आला. बेचाळीस चिठ्ठ्या तपासायला. मी माझ्या पद्धतीने तपासल्या. हजेरी क्रमांकाने लावल्या, लाल पेन घेतलं, दोन तासांत काम उरकलं. सत्तावीस नंबर वैशालीचा. कुहीकडच्या खेड्यातून रोज एसटीने यायची. दोन वेण्या, बाकावर कोपर टेकून लिहायची, बोलायची फार कमी. तिने लिहिलं होतं, माय मदर पुट्स ऑफ हर ऑपरेशन अंटिल माय एक्झामिनेशन. मी टिक केलं. खाली गुड लिहिलं. चिमटा लावला आणि अठ्ठावीस घेतला.

बाई चौथ्या दिवशी आल्या. पिशवीत संत्री, पायात प्रवासाची धूळ. दोरीखालून वाचत वाचत चालल्या होत्या आणि मी दारात उभी राहून त्यांना सांगत होते की कोणते धडे झाले. सत्तावीसपाशी त्या थांबल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण अशा थांबलेल्या तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

"हे तू तपासलं?"

"हो. बरोबर आहे ना?"

"बरोबर हाये. वाचलं काहून नाही वं?"

मी तर अक्षर न् अक्षर वाचलं होतं, त्याशिवाय टिक कशी केली असती.

वैशालीला व्हरांड्यात बोलावलं. तिने खाली बघत सांगितलं, मायच्या पोटात गोळा आहे, शहरातल्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांत काढा म्हणून सांगितलं, त्यालाही महिना झाला. माय म्हणते, तुझे पेपर होऊ दे. घरात रोज दुखतं. "कोणाला सांगितलंस तू?" मी विचारलं. "कोनालेच नाही," ती म्हणाली. "इथं खरं लिहाचं असते म्हनून लिवलं."

मराठीत तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. इंग्रजीत लिहिलं की सांगितल्यासारखं होतं आणि कुणाला कळतही नाही, असं तिला वाटलं असावं. माझ्यापुरतं ते खरंच ठरलं होतं.

मी म्हटलं, "शनिवारी जाऊ या का तिच्या घरी? अर्धा दिवस शाळा असते."

बाईंनी पर्समधून पत्रिकेचा एक कोरा तुकडा काढून माझ्यापुढे धरला. "लिही मग. तुलेबी लावतो दोरीवर."

आम्ही मधल्या सुट्टीनंतरच्याच एसटीने निघालो. वैशाली खिडकीशी, तिच्या शेजारी मी. अर्धी गाडी रिकामी होती, आणि बाई दांडा धरून उभ्या. वैशालीची चिठ्ठी त्यांनी चिमट्यासकट पदराला लावली होती.

"बसा ना बाई," मी म्हटलं. "तासभर जायचंय."

"बसनं मी पुट ऑफ केलं हाये," त्या म्हणाल्या. मला वाटलं नेहमीची थट्टा. पण गाडी शहराबाहेर पडल्यावर त्या खिडकीतून बाहेर बघत स्वतःच बोलायला लागल्या. "माह्या बाबाच्या छातीत दुखे. तोड चालू होती. म्हने, माल निघू दे, मग नागपूरले जाऊ. तो बांधावर बसून राह्यला दोन दिवस, पेट्या मोजत. माल ट्रकात गेला. तिसऱ्या दिवशी ट्रक वापस आला, अन् त्याच ट्रकात आम्ही त्याले नेलं. वाटेतच गेला." गाडीने खड्डा घेतला, त्यांचा हात दांड्यावर घट्ट झाला. "मी त्याच्या बाजूले बसूनच होती ते दोन दिवस. शाळेले सुट्ट्या होत्या. मजेत संत्री खाऊन राहिली होती."

एवढंच. मी पुन्हा बसा म्हटलं नाही.

वैशालीची आई अंगणात धान पाखडत होती. सुपातून कोंडा उडत होता, आणि दर चार-पाच झटक्यांनी ती सूप मांडीवर टेकवून थांबत होती. मुलीबरोबर दोन बाया आलेल्या पाहून ती घाबरली. "काय केलं हिनं?"

"काही नाही केलं," बाई म्हणाल्या. "तुमचं ऑपरेशन कधी हाये?"

तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "मार्चात हिचे पेपर हायेत. पेपर झाले का जातोच. घरात दहावीले बसणारी ही पह्यली हाये बाई. मी दवाखान्यात पडली त हिले डबा कोन देईन?"

"डबा मी देईन. माह्या घरी राहीन ते. माही खोली मोठी हाये, अन् मी एकटी हावो."

"गाय हाये."

"गायीले तुमचा नवरा पाहीन."

"आता एवढे दिवस राह्यलं, अजून तीन महिने राहीन. काही होत नाही."

अर्धा तास हे असंच चाललं. बाई अंगणात फेऱ्या मारत होत्या, कोंबड्या बाजूला होत होत्या. मी मध्ये मध्ये फार नीट, समजावणीचं बोलले. त्याने काडीचाही फरक पडला नाही. शेवटी बाईंनी पदराची चिठ्ठी काढली आणि वैशालीच्या हातात दिली. "वाच."

वैशालीने इंग्रजीत वाचलं. आवाज अगदी स्वच्छ.

"काय म्हनते ते?" आईने विचारलं.

वैशाली चिठ्ठीची कड दुमडत राहिली.

"मराठीत सांग तिले," बाई म्हणाल्या.

मग वैशाली चिठ्ठीकडे बघतच म्हणाली, "माय, तू माह्या परीक्षेपायी तुह्यं ऑपरेशन पुढं ढकलून राहिली, असं लिवलं मी."

सूप थांबलं. "शाळेत लिवलं?"

"हो."

"अन् कुठी ठेवलं?"

"दोरीवर. वर्गात."

"साऱ्या पोरीयनं वाचलं?"

"बेचाळीस हायेत," बाई म्हणाल्या.

आईने पदर डोक्यावर ओढला. आमचं सगळं समजावणं जिथे पोचलं नव्हतं तिथे हे पोचलं. बेचाळीस घरांत आपलं दुखणं फडफडतंय, हे तिला सहन होईना. "परत नका लावू बाई ते. फाडून टाका."

"लावतोच. ऑपरेशन झालं का उतरते. कायदा साऱ्यायले सारखा हाये. आमच्या मुख्याध्यापिकेच्या संडासाचीबी तशीच उतरली."

आईला ते कळायला एक क्षण लागला. मग ती पोटाला हात लावून हसली, आणि हसता हसता दुखलं म्हणून वाकली. वैशालीने तिचा दंड धरला.

पुढच्या आठवड्यात ती दवाखान्यात दाखल झाली. गोळा संत्र्याएवढा निघाला. मार्चपर्यंत थांबला असतात तर आम्हालाही अवघड गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. वैशाली बाईंकडे राहिली. ती सांगायची, बाईंची पोळी तव्यावर असते आणि बाई फाटकाशी. डब्यात रोज एक तरी पोळी करपलेली.

जानेवारीच्या शेवटी आई शाळेत आली, आपल्या पायांनी. वैशालीने चिमटा काढायला हात वर केला तर तिने तो बाजूला केला आणि स्वतः काढला. चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. पलीकडच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचं आहेराबद्दलचं वाक्य. अलीकडे मुलीचं अक्षर. "अन् हे लाल काय हाये?" तिने विचारलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मदतीला येणार नव्हत्या.

"बरोबर आहे, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"बरोबरच हाये," ती म्हणाली आणि चिठ्ठी कमरेच्या पिशवीत ठेवली.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत हजारो वह्या तपासल्या असतील. आधी वाचायचे, मग पेन उचलायचे. वेळ दुप्पट लागायचा. तरी ती लाल खूण मला अजून दिसते. डाव्या डोळ्यालाही दिसते, गंमत म्हणजे.

बाई आता भावाच्या बागेत राहतात. ऐंशी पार झाल्या. मधूनमधून फोन येतो. बोलताना मागे पावलांचा आवाज येतो, म्हणजे अजून फेऱ्या चालू आहेत. "तुह्यं काय चालू हाये?" त्या विचारतात. गेल्या तीन महिन्यांत त्यांनी चारदा विचारलं आणि मी चारदा सांगितलं, "सगळं ठीक." कारण खरं सांगितलं असतं तर त्या पहिल्या एसटीने आल्या असत्या, नागपूरपर्यंत उभ्यानेच.

आणि तुमच्या बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी लगेच तिकीट काढलं असतं. म्हणून मी इंग्रजीत सांगितलं, ईरा, आणि तेही तुला, नऊ वर्षांच्या मुलीला. सहज, वाक्याच्या ओघात. तुमची सुट्टी हे कारण नव्हतं. वैशालीच्या आईला निदान पेपर तरी होते. मला त्या टेबलावर डोळा उघडा ठेवून आडवं पडायची भीती वाटते, आणि उठल्यावर काय दिसेल याची त्याहून जास्त.

काल ड्रॉवरमधून एक जुनी पत्रिका काढली. घडीवर बरोबर चार तुकडे केले. एकावर वाक्य लिहिलं. ओळीचा डावीकडचा शब्द मला पुन्हा पुन्हा शोधावा लागत होता. मग बाल्कनीत जाऊन ते दोरीवर लावलं, दोन पंच्यांच्या मध्ये.

आज सकाळी कामाला येणारी सिंधू कपडे काढायला गेली आणि चिठ्ठी हातात घेऊन उभी राहिली. तिला इंग्रजी येत नाही.

"काकू, हे काय वाळू घातलं वं?"

मी तिला मराठीत सांगितलं. सगळं, डॉक्टरांचं बोलणंसुद्धा. आता हे पत्र तुमचे बाबा तुम्हाला वाचून दाखवतील, तेव्हा त्यांनाही कळेलच. ऐकता ऐकता सिंधूने ओले हात पदराला पुसले, चिठ्ठी होती तिथेच परत लावली, चिमटा ओढून पाहिला, आणि विचारलं,

"मंग कोन्या दिवशी जाचं? मी येतो संगं."

"मंगळवारी," मी म्हटलं.